जुम्मा मशिदीखाली खरंच तळं आहे का?

परळकर

माझे वडील मुंबईच्या मंगळदास मार्केटात एका कापडाच्या पेढीवर गुमास्ते होते. छत्तीस वर्षं त्यांनी एकाच पेढीच्या वह्या लिहिल्या. दिवाळीच्या सुट्टीत मला ते सोबत न्यायचे. संध्याकाळी पेढी बंद झाली की शेख मेमन स्ट्रीटवरून चालत निघायचो आणि जुम्मा मशिदीच्या दरवाजापाशी ते हमखास थांबायचे. माझा हात धरून म्हणायचे, "ही सबंध मशीद पाण्यावर उभी आहे बरं का. खाली तळं आहे. तळ्यात मासे आहेत."

मी आठ-नऊ वर्षांचा. चहूकडे दुकानं, हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेऊन "बाजू, बाजू" करत धावणारे हमाल. या गर्दीत तळं कुठून येणार? मला ते कधी पटलं नाही, आणि आत जाऊन बघायचं मोठेपणीही सुचलं नाही.

वडील गेल्या श्रावणात वारले. परवा त्यांचं कपाट आवरताना एक जुनी खतावणी सापडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, एवढंच लिहिलं आहे: "जुम्मा मशीद. जहाज. १२१७."

मी तेव्हापासून त्या पानाशीच अडकलो आहे. १२१७ हे काय आहे? मशीद एवढी जुनी असणं शक्य नाही असं मला वाटतं. आणि जहाज कशाला? खाली तळं खरंच आहे का, आणि असलं तर तळ्यावर मशीद बांधायचं कारण काय? मस्जिद बंदर स्टेशनचं नाव याच मशिदीवरून पडलं का, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा. आई अजून आहे. तिला नीट काहीतरी सांगता यावं एवढीच इच्छा आहे.

चिरेबंदी

१२१७ इसवी सन असेल तर तो शिलाहारांचा काळ होतो. त्या काळातली मशीद शेख मेमन स्ट्रीटवर नाही, हे नक्की. मला वाटतं तो बिलाचा नाहीतर गाठोड्याचा नंबर असावा. गुमास्ते लोक हाताशी असेल त्या पानावर आकडे टिपून ठेवतात. माझे आजोबा रेशनकार्डाच्या मागे टिपायचे.

खाडीपल्याड

परळकर साहेब, तुमच्या वडिलांना अल्लाह शांती देवो. तो बिलाचा नंबर नाही. त्या एका ओळीत त्यांनी मशिदीचं नाव, गाव आणि जन्मसाल लिहून ठेवलंय. म्हणून आज फुरसत काढून सविस्तर लिहितो.

१२१७ हे हिजरी साल आहे. ते मे १८०२ मध्ये सुरू झालं. मशिदीचं बांधकाम १७७५ च्या सुमारास सुरू झालं आणि पुरं झालं १८०२ साली. आणि "जहाज" हा मशिदीच्या नावाचा अर्धा भाग. पुरतं नाव "जहाज-ए-आखिरत", म्हणजे परलोकाला नेणारं जहाज. हे नाव नुसतं कौतुकाने ठेवलेलं नाही, त्यात साल दडवलेलं आहे. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. त्या हिशोबाला अबजद म्हणतात. इमारत पुरी झाली, कुणी थोर माणूस गेला, की जाणकार लोक असा शब्द शोधायचे ज्याच्या अक्षरांची बेरीज बरोबर त्या सालाएवढी होईल. तुम्हीच करून बघा. जहाज: जीम ३, हे ५, अलिफ १, झे ७. झाले १६. आखिरत: अलिफ १, खे ६००, रे २००, ते ४००. झाले १२०१. दोन्ही मिळून १२१७.

आपल्या जुन्या पोथ्यांत चंद्र म्हणजे १, वेद म्हणजे ४, बाण म्हणजे ५ अशी सालं लिहायची रीत होती. जात तीच, फक्त इथे वस्तूंच्या ऐवजी अक्षरं मोजतात. आयुष्यभर बेरजा केलेल्या माणसाला ही बेरीज कुणीतरी समजावून सांगितली असणार आणि ती त्यांना जपून ठेवावीशी वाटली असणार. मला तरी त्या पानाचा अर्थ हाच दिसतो.

पण बेरीज जुळली म्हणून कुणी मशिदीला जहाज म्हणणार नाही. त्याला पाणी लागतं, आणि पाणी आहे. तुमचे वडील अक्षरशः खरं सांगत होते. पूर्वेच्या मोठ्या दरवाजातून आत गेलात की चौक लागतो आणि चौकापलीकडे सरळ तळ्याच्या पायऱ्या. तळ्याच्या तळाशी झरे आहेत, पाणी साधारण दहा फूट. त्या पाण्यातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर आल्यात आणि मशिदीचा सगळा भार त्यांच्यावर आहे. वरच्या मजल्यावर लाकडी खांबांच्या पाच रांगा आहेत. त्या खांबांना पवित्र ग्रंथ ठेवायला जागा केलेली आहे. दगडी पायऱ्या आणि काठाचं बांधकाम १८९३ चं, पश्चिमेच्या काठावरचा मोठा वजूखाना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायची जागा, १८९८ चा. बाहेरून तुम्हाला यातलं काही दिसत नाही, कारण चारी बाजूंनी दुमजली इमारतींचं कडं आहे आणि खाली दुकानं. रस्त्यावरून जाणाऱ्याला अत्तराच्या बाटल्या दिसतात. त्या भिंतीमागे पाणी आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता तळ्यावर का बांधली. ही जागा पूर्वी बागा आणि मोकळी जमीन होती, मध्ये मोठं तळं. मालक होता गोवा आणि कालिकतकडे व्यापार करणारा एक व्यापारी. त्याने मशिदीला जागा द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. तळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. मग तळ्यावरच एक मजली इमारत उभी केली, आणि आजच्या मशिदीचं मूळ तेच. मला या सगळ्या इतिहासात ही अट सगळ्यात मोठी वाटते. जागा देणारा माणूस नाव कोरा, दगड बसवा, असं काही मागू शकला असता. त्याने पाणी राखायला सांगितलं. आणि ज्यांनी जागा घेतली त्यांनी सव्वादोनशे वर्षं शब्द पाळला.

मशीद मूळची आम्हा कोकणी मुसलमानांची. आमचे लोक दर्यावर्दी: नाखुदा, तांडेल, सारंग, सुकाणी, खलाशी. "नाखुदा" हा शब्दच फारसी आहे, नावेचा धनी. शेजारची जंजीकर स्ट्रीट बघा, नावातच जंजिरा ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात मशिदीवर आणखी मजला चढला, त्याला नाखुदा महंमद अली रोगे यांचं नाव जोडलेलं आहे. रोगे गलबतांचे मालक. सर जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्याबरोबर चीनच्या व्यापारात भागीदार होते. एक पारशी, एक जैन, एक कोकणी मुसलमान. त्या व्यापारात कापूस होता तशी अफूही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या काळच्या मुंबईच्या पैशाचा रस्ता दर्यातूनच यायचा. अशा लोकांनी आपल्या मशिदीला जहाज म्हटलं, ते मनापासून म्हटलं.

माझंच सांगतो. आमचं गाव दाभोळच्या खाडीपल्याड. आजोबा गलबतावर तांडेल, अब्बा मोठ्या बोटीवर सुकाणी. नऊ-नऊ, दहा-दहा महिने बाहेर. मुंबईत आमच्या गावच्या जमातीची एक खोली होती, तिथे भिंतीला लागून पेट्या मांडलेल्या, एका पेटीवर एका माणसाचा संसार. मी बारा वर्षांचा असताना शिकायला मुंबईत आलो आणि त्याच खोलीत राहिलो. अब्बांची बोट लागली की मी गोदीच्या फाटकावर जायचो. ते सामान घेऊन बाहेर यायचे, आणि खोलीवर न जाता आधी जुम्मा मशीद. पेटी चौकात माझ्याजवळ ठेवायची, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि पायऱ्या उतरून बसायचं. वजू केलं तरी लगेच उठायचे नाहीत. पाय पाण्यात तसेच. एकदा मी घाई केली, भूक लागली होती. तर म्हणाले, "नऊ महिने खारं पाणी बघितलं रे. जमिनीतून आलेलं पाणी पायाला लागल्याशिवाय मी घरी आलो असं मला वाटत नाही."

पाण्यात लाल, रुपेरी मासे असायचे आणि थोडी कासवं. एक कासव कमानीच्या खालून डोकं काढायचं, मी दर वेळी त्याची वाट बघायचो. त्या सबंध वर्षांत तळं आटलेलं मी पाहिलं नाही.

एक खुलासा करतो, कारण लोक घोळ करतात. ही मुंबईतली मुसलमानांची सगळ्यात जुनी जागा नव्हे. माहीमचे मख्दूम अली माहिमी हे १३७२ ते १४३१ या काळातले. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं. आमची कोकणी घराणी त्यांना आपलं मानतात. जुम्मा मशिदीचं मोठेपण तिच्या वयात नाही. मशिदीला जोडून मदरसा आहे, जुन्या हस्तलिखितांचा कुतुबखाना म्हणजे ग्रंथालय आहे, आणि मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तानही जुम्मा मशिदीचाच ट्रस्ट बघतो. नर्गिस तिथे आहेत, सुरैया तिथे आहेत. माझे अब्बाही तिथेच आहेत. गावाला न्यायचं असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

शनवारतेली

परळकर, स्टेशनच्या प्रश्नाचं मी सांगतो. तो आमचा विषय आहे.

आम्ही बेने इस्रायल, घरात मराठी बोलणारे कोकणातले ज्यू. आमच्या जुन्या पिढ्या सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागेला, सिनेगॉग म्हणायच्याच नाहीत. त्या म्हणायच्या "मशीद". माझी आजी ठाण्याहून सणाला निघाली की शेजारणीला सांगायची, "मशिदीत जाऊन येते." शेजारीण नवीन असली तर गोंधळायची. मस्जिद बंदर स्टेशनजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर आमचं "शाआर हारहामीम" आहे, म्हणजे दयेचं दार. ते १७९६ चं. मुंबईतलं बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग. पुढे १८४० नंतर जवळच दुसरं झालं, तेव्हा पहिल्याला "जुनी मशीद" आणि दुसऱ्याला "नवी मशीद" असं नाव पडलं. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो ते हेच, की स्टेशनच्या नावातली मशीद ती आमची मशीद. भूगोल बघितला तरी पटतं. जुम्मा मशीद स्टेशनपासून बरीच पश्चिमेला, बाजारात आहे. सॅम्युएल स्ट्रीट स्टेशनला लागून.

सिनेगॉग बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी, त्यांनाच सॅम्युएल इझिकेल म्हणतात. नावं नीट ऐका: सामाजी, हसाजी. आडनाव दिवेकर. आमच्यात पेणकर, रोहेकर, किहीमकर, सगळी गावाची आडनावं. दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आमच्या घरोघर सांगतात ते असं: कैद्यांना जात विचारली, त्यांनी बेने इस्रायल सांगितलं. टिपूच्या आईने कुराणात या लोकांचं नाव ऐकलं होतं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिने रदबदली केली आणि ते सुटले. सुटलो तर देवाचं घर बांधीन, असं ते कैदेत बोलले होते.

म्हणजे बघा, खाडीपल्याड यांची मशीद उभी राहत होती त्याच वर्षांत चालत पंधरा-वीस मिनिटांवर आमची उभी राहिली. एक १७९६, एक १८०२. दोन्ही कोकणातून आलेल्या माणसांनी बांधल्या, आणि मराठीत दोन्हींना एकच शब्द.

माझ्या आजोबांना कुणी म्हटलं की "तुमच्या देवळाला मशीद का म्हणता," तर ते म्हणायचे, आमच्या आईने तोच शब्द शिकवला. यापलीकडे स्पष्टीकरण त्यांना कधी लागलं नाही.

पाणीखातं

मी तीस वर्षं महापालिकेच्या पाणी खात्यात काढली. खाडीपल्याड यांनी त्या अटीबद्दल लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

मुंबईच्या बसच्या पाट्या वाचा. सी. पी. टँक. गोवालिया टँक. धोबीतलाव. दो टाकी. यातल्या एकाही ठिकाणी आज पाणी नाही. ही सगळी खरी तळी होती, त्यातली काही कुणी ना कुणी पुण्य म्हणून बांधलेली. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेलांचा तलाव. मुंबादेवीच्या देवळापाशीसुद्धा तलाव होता, जुम्मा मशिदीपासून हाकेच्या अंतरावर. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने आलं, तुळशीचं १८७९ ला, तानसाचं १८९२ ला. त्याआधी हे शहर विहिरी आणि तळ्यांवर जगलं. नळ आला आणि तळ्यांची किंमत गेली. मग मलेरिया. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईच्या मलेरियावरचा अहवाल आला. डास विहिरींत आणि साठलेल्या पाण्यात वाढतात हे त्यात स्पष्ट मांडलं होतं. विहिरी झाकल्या, तळी बुजवली. आरोग्याच्या दृष्टीने ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, माणसं मरत होती. पण त्या रेट्यात जवळजवळ सगळं गेलं. जुन्या शहरात उघडी राहिलेली नाव घेण्यासारखी पाण्याची जागा म्हणजे वाळकेश्वरचं बाणगंगा. आणि जुम्मा मशिदीचं तळं, ज्यावर छप्पर आहे म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

हे तळं का वाचलं? एक तर ते बुजवणं म्हणजे मशिदीच्या पायाला हात लावणं. ज्याने अट घातली त्याला हे सुचलं होतं की नाही कोण जाणे, पण तळ्यावरच इमारत उभी राहिल्यामुळे अट आपोआप पक्की झाली. दुसरं, ते रोज वापरात राहिलं. वापरातलं पाणी माणसं स्वच्छ ठेवतात. आणि तिसरं म्हणजे मासे. ते शोभेचे नाहीत, ते डासांच्या अळ्या खातात. आमचं कीटकनाशक खातं आजही विहिरींत आणि हौदांत गप्पी मासे सोडतं, ते याचसाठी. पूर्वी कुणी ते मासे सोडले तेव्हा त्याच्या डोक्यात काय होतं मला माहीत नाही, पण काम त्यांनी तेच केलं.

कुणी विचारेल, एवढी वर्षं पाण्यात दगड टिकतो कसा. मुंबईचा काळा दगड कायम पाण्याखाली असला तर त्याला सहसा काही होत नाही. त्रास होतो तो ओलं-सुकं, ओलं-सुकं होत राहिलं की, म्हणजे पाण्याच्या रेषेपाशी. तिथे क्षार साठतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणून अशा जागी पाण्याची पातळी फार वरखाली न होणं महत्त्वाचं. शेजारी कुणी खोल पाया खणून रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसायला लागला, की झऱ्यांचं काय होतं हे मी दुसऱ्या ठिकाणी पाहिलं आहे. एक चांगली बारमाही विहीर दोन उन्हाळ्यांत कोरडी झाली. त्या भागात जुन्या चाळी पाडून टॉवर बांधतात तेव्हा माझा जीव त्या तळ्यासाठी वरखाली होतो. इमारतीच्या भिंतीइतकंच जमिनीखालचं पाणी हेही त्या मशिदीचं अंग आहे, हे कागदावर कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे.

चिरेबंदी

बिलाचा नंबर हे मी मागे घेतो. अबजदची बेरीज तीनदा करून पाहिली, बरोबर येते. एक शंका: १७७५ ते १८०२ म्हणजे सत्तावीस वर्षं. एवढा वेळ का?

खाडीपल्याड

पैसा जमेल तसं काम होतं, आणि पैसा गलबतं परत आली की जमतो. निदान आमच्या गावची मशीद तरी अशीच बांधली गेली, दर पावसाळ्याआधी दोन हात भिंत. जुम्मा मशिदीचं तंतोतंत तसंच झालं असं मी शपथेवर सांगत नाही. पण अर्धवट बांधकाम बघून मोठी झालेली एक सबंध पिढी असणार, आणि ती पुरी झाली तेव्हा साल लक्षात राहावं म्हणून इतका नेमका शब्द शोधला, यात मला काही नवल वाटत नाही.

परळकर

मी जाऊन आलो. काल, बुधवारी, अकराच्या सुमारास, गर्दीची वेळ टाळून. पाणीखातं यांचं वाचून वाटलं, आता उशीर नको.

फाटकावरच्या माणसाला सरळ सांगितलं, वडील इथे शेजारी कामाला होते, तळं बघायचं आहे. त्याने चपला कुठे ठेवायच्या ते दाखवलं. चौक ओलांडला आणि समोर पाणी. हिरवट, शांत, वरून प्रकाशाची एक तिरीप पडलेली. बाहेर दहा पावलांवर हातगाडीवाला ओरडत होता, ते आत ऐकू येत होतं तरी कुठूनतरी लांबून आल्यासारखं. मी कमानी मोजायचा प्रयत्न केला. मला काठावरून सगळ्या दिसल्या नाहीत. पाण्यात त्यांचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे मोजताना दगडाची कमान आणि पाण्यातली कमान यांची गल्लत होते. मासे दिसले. कासव दिसलं नाही, खाडीपल्याड काका, मी बराच वेळ थांबलो.

पायरीवर एक म्हातारे गृहस्थ वजू करत होते. त्यांचं होईपर्यंत थांबलो आणि विचारलं, पूर्वी बाजारातले हिंदू लोकही इथे यायचे का. ते म्हणाले, उन्हाळ्यात दुपारी पेढ्यांवरचे लोक चौकात येऊन सावलीला बसायचे, बोलायचे, त्यात काय. माझ्या वडिलांना ती बेरीज अशाच एखाद्या दुपारी कुणीतरी सांगितली असेल. नाव कळणार नाही आता. वडिलांना जाणूनबुजून कुणी विचारलंही नसतं आणि त्यांनी आपणहून सांगितलंही नसतं. त्यांनी फक्त टिपून ठेवलं.

घरी आल्यावर आईला बेरीज करून दाखवली, तळ्यातल्या माशांचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ते कुरमुरे त्यासाठी होते." मी म्हटलं, कुठले कुरमुरे? तर ती सांगायला लागली. बाबा रोज सकाळी डबा घेताना कागदाची एक पुडी कुरमुऱ्यांची मागून घ्यायचे. तिला वाटायचं, चार वाजता भूक लागत असेल. छत्तीस वर्षं तिने पुडी बांधून दिली, आणि ती कोण खातं हे तिला काल कळलं.

काका, एक विचारायचं आहे. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. त्या आठवड्यात आईला घेऊन यावं असं मनात आहे. तिला एक पुडी कुरमुरे घालायचे आहेत. चालेल का?

खाडीपल्याड

आईंना जरूर आणा. आधी फाटकावर विचारून ठेवू, बायकांनी कुठून जायचं, कुठे बसायचं ते. शुक्रवार नको, खूप गर्दी असते. जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज उरकली की निवांत असतं, तीनच्या पुढे या. मंगळदासच्या बाजूने आलात तर त्यांना कमी चालावं लागेल, हातगाड्याही कमी लागतात.

माशांना काय घालायचं आणि किती, ते आतल्या माणसांना विचारूनच घालू. पाणी बिघडता कामा नये, सगळा जीव त्या पाण्यात आहे. पण पुडी बांधून आणायला सांगा त्यांना. मी पूर्वेच्या दरवाजात उभा असेन, पांढरी दाढी, हातात छत्री. कासवाची गंमत अशी आहे की ते लगेच येत नाही. डाव्या हाताला शेवटच्या पायरीच्या जरा वर बसायचं आणि कमानीखालच्या सावलीकडे बघत राहायचं. आपण तिथेच बसू.